महादेवी काकूंच्या मेंदूतला फुगा

वडवणीच्या स्टँडसमोर आमच्या काकूंचा एसटीडी बूथ होता. बूथ म्हणजे काकांच्या किराणा दुकानाचीच एक बाजू, काच आणि पत्रा लावून वेगळी केलेली. आत एक स्टूल, एक टेलिफोन आणि लाल आकड्यांचं मीटर. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला तो सुरू झाला, तेव्हा पहिल्यांदा श्रीशैलप्पा काका तिथं बसले. पण काका मुळात मोजकं बोलणारे. समोरचा 'हॅलो' म्हणाला की तेही 'हॅलो' म्हणायचे आणि पुढं गप्प. आठवडाभरात महादेवी काकूंनी त्यांना उठवलं, स्वतः स्टुलावर बसल्या आणि पुढं बरीच वर्षं तिथून उठल्याच नाहीत.

सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले की काकू बूथ उघडायच्या. त्यांचा आवाज असा की ट्रंक कॉलच्या काळातसुद्धा त्यांना यंत्राची गरज पडली नसती, असं माझे वडील म्हणत. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं कोयते घेऊन ऊसतोडीला जात. मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. तिकडं कारखान्यावर गेलेल्या माणसांजवळ घरचा म्हणून एकच नंबर असायचा, तो काकूंचा. पी.पी., म्हणजे निरोपापुरता दुसऱ्याचा नंबर, म्हणून ऊसतोडीच्या सगळ्या टोळ्यांत तोच चालायचा. फोन आला की काकू निरोप ऐकायच्या आणि त्या गावच्या जीपवाल्याकडं, बाजाराला आलेल्या एखाद्या बाईकडं तो तोंडी सोपवायच्या. सगळं डोक्यात. कुणाची सून कुठल्या कारखान्यावर आहे, कुणाचा बैल बसला, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, हे त्यांना न विचारता माहीत.

निरोप चांगला नसला की काकू तो लगेच सांगत नसत. आधी माणसाला बसवायच्या, पाणी द्यायच्या, घरचं विचारायच्या. उलट एखाद्या गड्यानं महिन्या-दोन महिन्यांनी आईला फोन केला, तर आईला बोलावण्याआधी त्यालाच फैलावर घ्यायच्या.

"कावून रे, आज बरी आठवण आली? तिकडं काय जिभेला कुलूप लावलंतं?"

डोंगराकडच्या एका वाडीवर दगडाबाई नावाची बाई राहायची. तिची मुलगी मनिषा एका साली भरल्या दिवसांनी तोडीला गेली आणि कोल्हापूरकडं फडातच बाळंत झाली. मुकादमाचा फोन आला, तेव्हा वाडीकडं जाणारं कुणीच स्टँडवर नव्हतं. काकूंनी बूथला कुलूप घातलं, एका जीपच्या मागच्या फळीवर बसल्या आणि पुढचा चढ पायी चढून वाडीवर गेल्या. "पोरगी झाली, दोघी बी धडधाकट हायत," एवढं सांगायला. दगडाबाईनं त्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि रडली. त्या दिवसापासून ती काकूंना 'अक्का' म्हणायला लागली. बाजाराला आली की बूथच्या पायरीवर बसायची. काम नसलं तरी बसायची.

पुढं मोबाइल आले. टोळ्यांच्या मुकादमांकडं आले, मग गड्यांकडं आले, मग वाडीवरच्या पोरांकडंही आले. बूथमधला फोन दिवसच्या दिवस वाजेना. काकूंनी काचेवर रिचार्जच्या कंपन्यांचे रंगीत कागद चिकटवले आणि तिथंच बसून राहिल्या. रिचार्जला आलेल्या माणसाची ती जुनी विचारपूस चालूच होती. फरक एवढाच की आता त्यांना बातमी विचारून घ्यावी लागायची.

दोन हजार सातच्या श्रावणात एका सोमवारी काकूंच्या उजव्या डोळ्यामागं ठणका लागला. दोन-तीन दिवसांत पापणी खाली आली, आणि बोटानं वर धरली की समोरचं सगळं दोन-दोन दिसायला लागलं. काकू हसत होत्या.

"बघा, गिऱ्हाईक डबल झालं. मोबाइलवाल्यांना म्हणावं, या आता!"

काकांना हसू आलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांना बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मी तेव्हा बीडला कॉलेजात होते, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड पाडून बघितलं. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि उजेडानं आकसत नव्हती. त्यांनी बॅटरी खाली ठेवली.

"हे डोळ्याचं दुखणं नाही. डोक्यातल्या रक्तवाहिनीचं असू शकतं. घरी जाऊ नका, इथूनच पुण्याला निघा."

काकूंचा मुलगा संगमेश पुण्यात एका कंपनीत होता. त्यानं एका मोठ्या दवाखान्यात सोय केली. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मीही गाडीत बसले. तिथं तपासण्या झाल्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले की मेंदूकडं जाणाऱ्या एका रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली आहे. वाटाण्याहून थोडा मोठा फुगा आहे. डोळा हलवणारी नस शेजारूनच जाते, तिच्यावर तो दाबतोय, म्हणून पापणी पडली. फुगा फुटला तर जीव जाऊ शकतो.

"मग काडून टाका की," काकू म्हणाल्या.

"काढत नाहीत, बंद करतात. एक तर कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला बाहेरून चिमटा लावायचा. नाहीतर जांघेतून बारीक नळी वर न्यायची, फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची आणि मूळ रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवायची. तिला स्टेंट म्हणतात. जाळीमुळं वेटोळी बाहेर येत नाहीत, रक्त सरळ पुढं जातं, आणि फुग्यात अडकलेलं रक्त हळूहळू गोठून फुगा बंद होतो."

"म्हंजी डोकं फोडायचं न्हाई?"

"नाही."

"मग त्येच करा."

डॉक्टर पुढंही बोलले. काही जणांचा फुगा पुन्हा भरतो, म्हणून सहा महिन्यांनी परत तपासणी करावीच लागते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण 'डोकं फोडायचं न्हाई' हे ऐकल्यावर आमच्यापैकी कुणाच्याच कानात पुढचं काही शिरलं नाही.

जाळी बसली. काकू चौथ्या-पाचव्या दिवशी आपल्या पायानं चालत दवाखान्याबाहेर आल्या. महिन्याभरात पापणी अर्धी वर आली, दोन-दोन दिसणं कमी झालं. वडवणीत लोक त्यांना बघायला रांगेनं येत होते. प्रत्येकाला काकू जांघेपासून डोक्यापर्यंतचा रस्ता बोटानं दाखवायच्या. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळं जरा कुठं धक्का लागला की हातावर निळा डाग उठायचा. काका गोळ्या स्वतःच्या हातानं द्यायचे आणि गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. माझ्या आईनं तर त्यांना पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नाही.

पण काकू त्या काकूच. मनिषाच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं आणि त्या कुणाचं न ऐकता वाडीवर मुक्कामाला गेल्या. गोळ्यांची पिशवी घरीच राहिली. तिथं लग्नघरात ज्वारीचं पोतं हलवायचं होतं, दगडाबाई एकटीच ओढत होती. ती सहज म्हणाली, "अक्का, जरा हात लावा की." काकूंनी हात लावला. परत आल्यावर दोन्ही गोष्टी त्या हसत-हसत सांगून बसल्या. काका ऐकून घेऊन आतल्या खोलीत निघून गेले.

सहा महिन्यांनी पुण्यात पुन्हा रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. फुगा बंद झालेला नव्हता. उलट तारेची वेटोळी एका कडेला दाबली गेली होती आणि उरलेल्या जागेत रक्त फिरत होतं. फुगा आधीपेक्षा थोडा मोठाच दिसत होता. "मी सगळं नीट बघतो, आपण दोन दिवसांनी बोलू," डॉक्टर म्हणाले.

ते दोन दिवस संगमेशच्या घरात फार वाईट गेले. वडवणीला फोन गेला आणि आई म्हणाली, "मी सांगत न्हवते का? त्या पोत्यानंच झालं." ते दगडाबाईपर्यंत पोचलं. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "मीच घात केला. माज्या तोंडाला आग लागली न्हाई त्या दिवशी." त्यानंतर तिनं जेवण सोडल्याचं मनिषानं कळवलं. संगमेशला वाटत होतं की दवाखाना निवडण्यात आपणच चुकलो. काकांना मी गॅलरीत एकटंच उभं राहून डोळे पुसताना बघितलं. गोळ्यांची पिशवी आपण बरोबर द्यायला हवी होती, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि काकू, ज्यांना मी कधी खाली मान घालून बसलेलं बघितलं नव्हतं, त्या सोफ्याच्या कोपऱ्यात इष्टलिंग मुठीत धरून बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसल्या-बसल्या काकूंनीच सुरुवात केली.

"डॉक्टरसाहेब, माजं चुकलंय. मी लग्नाला गेलते तवा गोळ्या घेतल्या न्हाईत. आन पोतं उचललं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मग संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला.

"ताई, इकडं बघा. ही मोठी रक्तवाहिनी. हा फुगा. आणि फुग्याच्याच अंगातून ही एक फांदी निघते, दिसते का?"

राखाडी चित्रात एक काळी बारीक रेघ फुग्यातून निघून मागं वळत गेलेली दिसत होती.

"ही फांदी सगळ्यांना असते. बहुतेकांची अगदी बारीक असते, तिच्यावर काही अवलंबून नसतं. तुमची जन्मापासूनच जाड आहे. मेंदूच्या मागच्या भागाला, जिथं नजर समजते तिथं, रक्त हिच्यातूनच जातं. तो भाग सतत रक्त मागतो. म्हणून रक्त जाळीच्या भोकांतून फुग्यात शिरतं आणि या फांदीतून पुढं जातं. फुग्यातलं रक्त थांबतच नाही. थांबत नाही म्हणून गोठत नाही. आणि आत सतत धार येत राहिल्यानं तारांची वेटोळी दाबली गेली."

"मग पैल्यांदाच गच्च भरायचं की," संगमेश म्हणाला.

"फांदीच्या तोंडाशी गच्च भरलं असतं तर फांदी बंद पडली असती आणि आईंची अर्धी नजर गेली असती. म्हणून तिथं मोकळं सोडलं. ही फांदी मला पहिल्या वेळीही दिसली होती. एवढ्यानं भागेल असं मला वाटलं, बऱ्याच जणांत भागतं. इथं माझा अंदाज चुकला."

काकूंनी विचारलं, "आन पोतं?"

"पोत्याचा याच्याशी संबंध नाही."

"गोळ्या?"

"गोळ्या चुकवणं वाईटच. पण त्यानं होणार होतं ते वेगळं. जाळीत गुठळी झाली असती आणि अर्धांगवायू झाला असता. तुमचं नशीब, तसं झालं नाही. फुगा गोळ्यांमुळं भरलेला नाही. पुन्हा मात्र असं करायचं नाही."

काकूंनी काकांकडं बघितलं. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून रडायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा तेवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बास की आता, लोक बघायलेत."

मग त्यांनी संगमेशकडून मोबाइल मागून घेतला आणि डॉक्टरांच्या समोरच मनिषाला फोन लावला. "दगडाबाईला दे." पलीकडचं आम्हाला काही ऐकू येईना, पण काकूंचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकला असणार.

"दगडाबाई, ऐक नीट. तुज्या पोत्यानं काय बी झालेलं न्हाई. माजी नसच तशी हाय, आईच्या पोटातून आलेली. डॉक्टर म्हणतेत. ... खोटं कावून बोलू मी? थांब." त्यांनी फोन सरळ डॉक्टरांपुढं धरला. "साहेब, हिला सांगा. माजं ऐकंना गेली."

डॉक्टर क्षणभर गोंधळले, मग त्यांनी फोन घेतला. "मावशी, मी डॉक्टर बोलतोय. पोत्यामुळं काही झालं नाही. तुम्ही जेवण करा." फोन परत देताना ते पहिल्यांदा हसले.

आणखी जाळी बसवली तरी फांदी रक्त ओढतच राहणार होती. आता चिमटा लावायचा, म्हणजे कवटी उघडायची, हाच रस्ता उरला होता. दुसऱ्या एका शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितलं की आत आधीच्या तारा असल्यामुळं काम थोडं अवघड आहे, पण फुग्याचा गळा मोकळा आहे. फांदी फुग्याच्या बुडाशी, मूळ रक्तवाहिनीच्या अगदी जवळून निघते. चिमटा असा बसवता येईल की फुगा बंद होईल आणि फांदी वाहती राहील.

काकूंना मरणाची भीती वाटली असेल तर त्यांनी ती दाखवली नाही. त्यांनी एकच विचारलं.

"मला माणसं आठवतील ना?"

"बहुतेक आठवतील. पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही."

त्या संध्याकाळी वॉर्डात काकूंनी मला जवळ बसवलं आणि एकेक वाडी घेऊन माणसं सांगायला लागल्या. कोण कुठल्या कारखान्यावर जायचं, कुणाची पोरगी कुठं दिली, धारूरच्या घाटात कुणाची बैलगाडी उलटली होती. मला वाटलं, त्या मला पाठ करून घ्यायला सांगतायत. मी तसं म्हटलं तर चिडल्या. "तुला कशाला? मी माज्यासाठी म्हणायले. आज एकदा सगळ्यांना भेटून घेते."

ऑपरेशनच्या दिवशी डोक्याचे केस काढले. गळ्यातलं इष्टलिंग काढायची वेळ आली तेव्हा काकू अडल्या. लग्नाआधीपासून ते कधी अंगावेगळं झालेलं नव्हतं. नर्स समजूतदार होती, पण नियम नियमच. शेवटी काका पुढं झाले आणि उजवा तळवा पसरला. काकूंनी ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं. काका त्या दिवशी काम होईपर्यंत हात तसाच धरून बाकावर बसून होते. चहासुद्धा त्यांनी घेतला नाही, डाव्या हातानंही नाही.

चिमटा नीट बसला. आतच तपासून बघितलं, फुग्यात रक्त जात नव्हतं आणि फांदी वाहत होती. शुद्धीवर आल्यावर काकूंनी काकांना ओळखलं, पण संगमेशला 'बंकट' म्हणाल्या. बंकट हा एका टोळीचा जुना मुकादम. पुढचे काही दिवस नावांची अशीच सरमिसळ होत राहिली. मला दोनदा मनिषा म्हणाल्या आणि बाळंतीण असून गार पाणी पिते म्हणून झापलंसुद्धा. संगमेश घाबरला होता. डॉक्टर म्हणाले, सूज उतरू द्या. सूज उतरली तशी नावंही एकेक करून आपल्या जागेवर गेली. एक-दोन वाड्या मात्र कायमच्या पुसट झाल्या. काकू त्याबद्दल कधी हळहळल्या नाहीत. तिथलं कुणी आलं तर सरळ विचारायच्या, "तू कुणाचा? माज्या डोक्यातून पडलायस तू."

उजवी पापणी दमल्यावर थोडी खाली येते, ती तशीच राहिली. त्यानंतरच्या दोन तपासण्यांत फुगा बंदच होता. दगडाबाई वाडीवरून एसटीनं येऊन पंधरा दिवस वडवणीत राहिली आणि तिनं माझ्या आईला काकूंच्या जवळपासही फिरकू दिलं नाही. आईला ते पोत्याचं बोलणं चांगलंच भोवलं.

दोनेक वर्षांनी पाटोद्याहून एक माणूस दुकानात आला. त्याच्या भावालाही अशीच जाळी बसवली होती आणि फुगा पुन्हा भरला होता. घरात सगळे भावजयीला बोलत होते. तिनं पथ्य पाळलं नाही, तिखट-तेलकट खाऊ घातलं, म्हणून असं झालं. कुणाकडून तरी काकूंचं नाव कळून तो विचारायला आला होता. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी काय डॉक्टर न्हाई. पर चल, मी येते."

मीच त्यांच्याबरोबर पाटोद्याला गेले. घरात सासू तोंड फिरवून बसली होती, भावजय चुलीपुढून उठत नव्हती. काकू सरळ चुलीपाशी जाऊन तिच्या शेजारी बसल्या. पदर मागं घेऊन डोक्यावरची लांब खूण त्यांनी तिला दाखवली, तिचा हात धरून तिथं लावला. मग सासूला हाक मारली.

"बाई, इकडं या. माजं बी असंच झालतं. समद्यांनी समद्यांचं खापर फोडून घेतलं. डॉक्टरला म्हणावं, चित्र दाव. रक्त कुठून शिरायलंय ते बोटानं दाव. त्येनं दावल्याबगर हिला एक शब्द बोलायचा न्हाई."

ते लोक पुण्याला गेले. त्या भावाच्या डोक्यात फांदीबिंदी काही नव्हती. रक्तवाहिनीला एक मोठं वळण होतं, त्या वळणावर जाळी भिंतीला पूर्ण चिकटली नव्हती आणि मधल्या फटीतून रक्त फुग्यात जात होतं. डॉक्टरांनी आतून दुसरी जाळी बसवून ती फट बंद केली. भाऊ बरा झाला. त्याची बायको पुढच्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन वडवणीला आली. काकूंनी तिला बूथमधल्या त्या स्टुलावर बसवलं, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती कोण, कुणाची, कुठली हे सांगत राहिल्या.